गुरूचा अंधुक चंद्र कसा शोधतात?

गुरूचे चार मोठे चंद्र साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. इथे त्यांच्याविषयी बोलायचे नाही. गुरूपासून खूप दूर, तिरक्या आणि लांबुळक्या कक्षेत काही किलोमीटरचे दगड फिरत असतात. त्यांतले बरेचसे तर गुरूच्या स्वतःच्या फिरण्याच्या उलट दिशेने जातात. यांना ‘अनियमित चंद्र’ म्हणतात. गुरूने बहुधा ते फार पूर्वी पकडून ठेवलेले आहेत. त्यांतला एखादा सापडतो कसा, ते क्रमाने पाहू.

आधी वेळ साधायची. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि गुरू यांच्या मधे असताना, गुरू आपल्याला सर्वांत जवळ असतो आणि रात्रभर दिसतो. त्यातही अमावास्येच्या आसपासच्या रात्री हव्यात.

मग जागा. गुरूची पकड सुमारे पाच कोटी किलोमीटरपर्यंत पोहोचते. आकाशात हे अंतर गुरूच्या प्रत्येक बाजूला नऊ-दहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढे भरते. म्हणून मोठ्या आरशाची दुर्बीण आणि रुंद क्षेत्र टिपणारा कॅमेरा, दोन्ही लागतात. अगदी गुरूलगत मात्र त्याच्याच झगमगाटात काही दिसत नाही.

एकाच जागेचे काही वेळाच्या अंतराने निदान तीन फोटो घेतात. दोन का पुरत नाहीत? अवकाशातून आलेला एखादा कण कॅमेऱ्यावर आदळला तरी ठिपका उमटतो, आणि असे दोन खोटे ठिपके सहज जोडीने बसतात. तिसरा ठिपका त्याच रेषेत, त्याच वेगाने पुढे सरकलेला असेल, तरच दखल घ्यायची.

तरीही तो लघुग्रह असू शकतो, आणि इथेच नवखा फसतो. ओळख वेगावरून पटते. प्रतियुतीच्या वेळी गुरूला आकाशात चंद्रबिंबाएवढे अंतर कापायला जवळजवळ चार दिवस लागतात. मंगळ-गुरू दरम्यानचा लघुग्रह आपल्याला जास्त जवळ असल्याने तेच अंतर साधारण दोन दिवसांत कापतो. ठिपका गुरूच्या चालीने चालला, तर आशा धरावी.

फारच अंधुक चंद्र एका फोटोत उमटतच नाही. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा, तर चंद्र सरकतो आणि त्याचा प्रकाश पसरून जातो. म्हणून छोटे छोटे अनेक फोटो घेऊन प्रत्येक फोटो ग्रहाच्या वेगाने सरकवत एकावर एक रचतात. तारे रेघोट्या होतात, चंद्र ठिपका राहतो. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेले शनीचे १२८ नवे चंद्र अशाच रीतीने मिळाले.

खरे कठीण काम यापुढचे. चार-दोन रात्रींच्या नोंदींवरून कक्षा काढली, तर त्या नोंदींत बसणाऱ्या कक्षा ढीगभर निघतात. त्यात सूर्याची ओढ या कक्षा सतत बदलत ठेवते. काही महिन्यांनी चंद्र नेमका कुठे असेल, हे मग सांगता येत नाही. चार्ल्स कोवाल आणि एलिझाबेथ रोमर यांना १९७५ मध्ये गुरूचा एक चंद्र सापडला, पण पुरेशा नोंदी होण्याआधीच तो हातचा गेला. हवाई बेटावरील मौना केआ इथून तो पुन्हा दिसला थेट २००० मध्ये. तोच आजचा थेमिस्टो, रुंदी जेमतेम नऊ किलोमीटर. २००३ मध्ये सापडलेल्यांपैकी कित्येक चंद्र असेच दशकाहून जास्त काळ बेपत्ता होते. तेव्हा पहिल्या महिन्यात पुन्हा, नंतरच्या महिन्यांत पुन्हा, आणि सुमारे तेरा महिन्यांनी पुढच्या प्रतियुतीला पुन्हा पाहणे टाळून चालत नाही. जुने फोटोही उपयोगी पडतात: २०२१ मध्ये एका हौशी निरीक्षकाने २००३ च्या फोटोंतून गुरूचा एक नवा चंद्र शोधून काढला.

व्हॅलेटुडो या जेमतेम किलोमीटरभराच्या चंद्राचा फोटो २०१६ चा आहे, घोषणा मात्र जुलै २०१८ ची. कक्षा पक्की होईपर्यंत चंद्राला वर्ष आणि क्रमांकाचे तात्पुरते नाव असते. कायमचे नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ मान्य करतो. गुरूच्या अनियमित चंद्रांबाबत संकेत असा, की उलटे फिरणाऱ्यांच्या नावाच्या रोमन स्पेलिंगमधले शेवटचे अक्षर ‘ई’, आणि सरळ फिरणाऱ्यांचे ‘ए’ किंवा ‘ओ’.