अकालीं जन्मलेल्या बालकाची नाळ

खोडदहून पुणें सुमारें ८० किलोमीटर. ३७ आठवडे भरण्यापूर्वीं जन्मलेलें मूल या रस्त्यानें न्यावें लागल्यास तें आईच्या छातीशीं, उबेंत न्यावें. नाळेस हळद वा राख लावूं नये. पुढें त्याच वाटेनें उपचार व्हावयाचे असतात.

फार लहान बालकाची आंतडीं अपक्व असल्यानें पोषक द्रव रक्तांत सोडावा लागतो. हातांच्या सुतासारख्या शिरांना घट्ट द्रावण सोसत नाहीं. परंतु गर्भांत जिनें पोषण येत होतें, ती नाळेंतील शीर जन्मानंतरही कांहीं दिवस मोकळी असते. तींतून बारीक, मऊ नळी यकृतावाटे हृदयाजवळच्या महाशिरेपर्यंत सरकवितात व टोंक क्ष-किरणांनीं पाहतात. तें यकृतांत अडकलें किंवा हृदयांत शिरलें, तर अनर्थ! जंतूंचें भय निराळेंच. म्हणून बहुधा आठवड्याभरांत ती काढून हाताच्या वा पायाच्या शिरेंतून दुसरी लांब नळी घालतात.