गाडीतला फ्रिज गार होत नाही? आधी वीज, उतार आणि हवा तपासा

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी - वेरूळ, दौलताबाद, म्हैसमाळ आणि अजिंठा ही स्थळे एकाच सहलीत पाहायची, तर राहण्याची सोय गाडीतच असणे सोयीचे ठरते. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. मात्र, मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमका तेव्हाच गाडीतील फ्रिज असहकार पुकारतो. प्रश्न केवळ थंड पाण्याचा नसतो. त्यात तान्ह्या बाळाचे दूध किंवा मधुमेही प्रवाशाचे इन्सुलिन असेल, तर तो आरोग्याचा प्रश्न बनतो. 'गॅस संपला असेल' असा निष्कर्ष काढून मेकॅनिक गाठण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः तपासता येतात. दोष अनेकदा फ्रिजमध्ये नसून त्याच्या बाहेर असतो.

प्रकार ओळखा
गाडीतील फ्रिज प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. पहिला घरच्यासारखाच कॉम्प्रेसरचा. फक्त तो १२ व्होल्टवर चालतो. दुसरा शोषण पद्धतीचा. बाल्टझार फॉन प्लॅटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधील दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही पद्धत विकसित केली. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे चक्र उष्णतेवर फिरते. ही उष्णता गॅसची ज्योत, १२ व्होल्ट किंवा २३० व्होल्ट विजेतून मिळते. फ्रिजची घरघर ऐकू येत असेल तर तो कॉम्प्रेसरचा; आवाज नाही, पण मागची बाजू तापते, तर तो शोषण पद्धतीचा समजावा.

कॉम्प्रेसर सुरू होत नसेल तर
मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. पण ते केवळ बॅटरीवर नव्हे, तर फ्रिजच्या जोडणीवर आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि फ्रिजजवळ साडेदहा दिसत असतील, तर वायर बारीक आहे, सांधा गंजला आहे किंवा फ्यूज सैल आहे. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले, की बॅटरी वाचविण्यासाठी फ्रिज आपोआप बंद होतो. अशा वेळी जाड वायर टाकणे हाच उपाय. अनेक फ्रिजच्या कंट्रोल युनिटवर दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला, यावरून दोष कळतो. त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

शोषण पद्धतीचा असेल तर
या फ्रिजला समपातळी लागते. म्हैसमाळच्या चढावर गाडी तिरकी उभी केली, तर आतील द्रव नीट वाहत नाही आणि थंडावा थांबतो. दुसरी अडचण विजेची. अजिंठ्याला जाणाऱ्यांना फर्दापूर येथे गाडी ठेवून पुढे बसने जावे लागते. इंजिन बंद असताना १२० वॅटचा असा फ्रिज बॅटरीतून सुमारे १० अँपिअर वीज ओढतो. म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी पाच तासांत निम्मी रिकामी होते. दोष शोधण्यासाठी तिन्ही मार्ग आलटून पालटून वापरून पाहावेत. २३० व्होल्टवर गार होतो, पण १२ व्होल्टवर नाही, तर १२ व्होल्टची वायरिंग किंवा त्याचे हीटर सदोष आहे. तिन्हींवर मागची बाजू तापते, तरीही आत थंडावा नाही, तर शीतकरण संचच निकामी झाला असण्याची शक्यता अधिक. गाडी समपातळीत ठेवून काही तास वाट पाहिल्याशिवाय मात्र हा निष्कर्ष काढू नये.

उष्णता बाहेर पडू द्या
फ्रिज गारवा 'तयार' करत नाही. तो आतली उष्णता बाहेर टाकतो. मागच्या जाळीत धूळ साचली किंवा सामान कोंबले, तर ती कोठे जाणार? जाळी स्वच्छ ठेवावी आणि त्या बाजूला सावली येईल अशी गाडी उभी करावी. दारात कागद अडकवून ओढावा. तो सहज निघाला, तर रबर सैल झाले आहे. निघण्याच्या आदल्या रात्रीच घरच्या विजेवर फ्रिज गार करून घ्यावा.

सावधान!
अमोनियाचा उग्र दर्प आला किंवा मागे पिवळट डाग दिसले, तर फ्रिज त्वरित बंद करून गाडीबाहेर पडावे. ज्योत पेटवू नये. हा संच 'गॅस भरून' दुरुस्त होत नाही, तो बदलावा लागतो. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ज्योत विझवावी.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते. ते गोठले तरी निरुपयोगी ठरते. म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नये. फ्रिजमध्ये पाण्याच्या पेल्यात एक साधा थर्मामीटर ठेवावा. हाताला गार लागते, यावर औषधाची भिस्त ठेवू नये.