प्लास्टिक प्रदूषण : कायदा, समाज आणि महाविद्यालयाचा वर्ग

पदवीच्या अभ्यासक्रमात पर्यावरण हा विषय सक्तीचा होऊन आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी होत नाही हे पाहून न्यायालयाला २००३ मध्ये पुन्हा लक्ष घालावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला आणि पुण्याचे डॉ. एराक भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. हा विषय अनेक महाविद्यालयांत ज्याच्याकडे तासिका कमी असतील त्या अध्यापकाकडे सोपविला जातो. मग तो उर्दूचा असो, मराठीचा असो वा वाणिज्याचा. परिणामी भित्तिपत्रक स्पर्धा, निबंध आणि एक दिवसाची स्वच्छता फेरी एवढ्यावर वर्ष संपते. प्लास्टिकच्या प्रश्नाकडे वर्गाने याहून वेगळ्या दृष्टीने कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

प्लास्टिक वाईट म्हणून ते टाळा, असे सांगणे सोपे आहे. पण विद्यार्थ्याला ते पटत नाही, कारण त्याच्या हातातील पेन, दवाखान्यातील सलाईनची नळी आणि घरातील पाण्याची टाकी हे सगळे प्लास्टिकच असते. मूळ अडचण वस्तूचा उपयोग आणि तिचे आयुष्य यांचा मेळ नसण्यात आहे. भाजी घरी आणण्याचे काम पिशवी दहा-पंधरा मिनिटे करते, नंतर मात्र ती मातीत कित्येक पिढ्या राहते. ऊन आणि घर्षणाने तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पण कुजून ती मातीत मिसळत नाही. या बारीक कणांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ मधील शोधनिबंधानंतर हा शब्द रूढ झाला.

जगाचा हिशोब २०१७ मध्ये गेयर, जॅम्बेक आणि लॉ या संशोधकांनी मांडला. २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले होते आणि त्यातील सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला होता. या कचऱ्यापैकी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास पुन्हा वापरात आला, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचरा डेपोत किंवा उघड्यावर गेला. ‘प्लास्टिकचा पुनर्वापर होतोच’ या सर्वसाधारण समजुतीला हे आकडे छेद देतात.

कायद्याचा प्रवास

आपल्याकडे या प्रश्नाला जाग आली ती पाण्यामुळे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारे तुंबली आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा वाटा होता, हे सर्वांनी पाहिले. येथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. मुंबईची जुनी गटारव्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती आणि मिठी नदीचे पात्र भराव व अतिक्रमणांनी आक्रसले होते. म्हणजे पिशवी हे अनेक कारणांपैकी एक कारण होते. एकाच वस्तूवर सगळा दोष ढकलला की इतर कारणे नजरेआड होतात. अभ्यासाच्या दृष्टीने हे घातक आहे.

पुढे महाराष्ट्राने २००६ मध्ये अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियम केला आणि ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. केंद्र सरकारची मर्यादा १९९९ च्या नियमांत २० मायक्रॉन होती. ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. २०१६ च्या नियमांनी आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. शहरांबरोबर ग्रामपंचायतींनाही या कक्षेत आणले आणि कचरा वेगवेगळा करण्याचे कर्तव्य प्रत्येक घर व संस्थेवर टाकले. म्हणजे आपली महाविद्यालयेही त्यात आलीच.

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या व आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचा पातळ कागद या वस्तू त्या यादीत आहेत. यादी वाचली की लक्षात येते, ही आपल्या लग्नांची, ईदची, गणपतीची आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांचीच यादी आहे.

सीमाभागात या कायद्याची एक वेगळीच गुंतागुंत दिसते. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये जाडी न पाहता सर्व प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने तसे पाऊल २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने उचलले आणि कारवाई २३ जूनपासून सुरू झाली. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ बेळगावात बेकायदा असलेली जाड पिशवी शेजारच्या चंदगड तालुक्यात कायदेशीर होती. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की तिसरा कायदा लागू, कारण तेथे १९९६ पासून स्वतंत्र अधिनियम आहे. बाजार एक, गिऱ्हाईक एक आणि नियम तीन! अशा ठिकाणी बंदी कागदावर राहिली तर नवल नाही.

बंदी का टिकत नाही?

पहिले कारण असे की, नियम डोळ्यांना दिसत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ४० आणि ५० मायक्रॉनमधील फरक भाजीवालीला हाताने कळणे शक्य नाही. दंड मात्र तिलाच होतो. महाराष्ट्राच्या २०१८ च्या बंदीत पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिने कैद अशी तरतूद होती. रोजच्या विक्रीवर पोट असलेल्या हातगाडीवाल्याला पहिलाच दंड डोईजड आहे. पिशवी तयार करणारा मात्र या साखळीत सहसा दिसत नाही.

दुसरे कारण पर्यायाचे. स्वस्त कापडी पिशवी, सुटा माल देण्याची सोय आणि भांडे घेऊन येणारे गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी एकदम तयार नसतील, तर बंदी काही आठवड्यांत सैल होते. २०१८ मध्ये कारवाई सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच किराणा मालाच्या वेष्टनांना सवलत द्यावी लागली, ती यामुळेच.

तिसरे कारण जबाबदारीचे. चिप्स, शाम्पू, मसाले यांच्या चकचकीत पुड्यांत प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे खर्चाचे, म्हणून त्यांना भंगारात किंमत नाही. गुटख्याच्या प्लास्टिक पुडीवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून बंदी आली, पण इतर पुड्या राहिल्या. वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपनीनेच ते गोळा करून मार्गी लावावे, हे तत्त्व नियमांत २०११ पासून आहे. त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे १६ फेब्रुवारी २०२२ रोजी निघाली. तत्त्व योग्य आहे, पण देखरेखीशिवाय ते चालत नाही. काही पुनर्चक्रण उद्योगांनी खोटी प्रमाणपत्रे दिल्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत २०२३ मध्ये उघडकीस आले. आंतरराष्ट्रीय पातळीवरही चित्र फारसे वेगळे नाही. मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे जागतिक करार करण्याचे ठरले. बुसान येथील २०२४ ची आणि जिनिव्हा येथील ऑगस्ट २०२५ ची बैठक करारावाचून संपली.

भंगाराचा व्यवसाय आणि आपले विद्यार्थी

या सर्व चर्चेत एक घटक हमखास विसरला जातो. जे थोडेफार प्लास्टिक पुन्हा वापरात येते, ते कोणामुळे? कचरावेचक स्त्रिया, फेरीवाले, गल्लीतील भंगारवाले आणि त्यांच्याकडून माल घेणारे ठोक व्यापारी यांच्यामुळे. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, तुटकी बादली यांना त्यांच्याकडे वेगवेगळा भाव असतो. समजा, एक पुडी दोन ग्रॅम वजनाची आहे. तर एक किलो होण्यासाठी पाचशे पुड्या वाकून उचलाव्या लागतील आणि त्याही कोणी विकत घेणार नाही. म्हणून बाटली उचलली जाते आणि पुडी गटारात जाते. अर्थशास्त्राचा हा धडा पुस्तकात सापडत नाही, भंगाराच्या दुकानात सापडतो.

आपल्या समाजातील कितीतरी विद्यार्थी याच व्यवसायातील घरांतून येतात. वर्गात वडिलांचा व्यवसाय सांगताना ते अडखळतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भंगाराच्या दुकानातील मुलाला प्लास्टिकचे प्रकार हाताला कळतात, आवाजावरून कळतात. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात असलेल्या १ ते ७ या आकड्यांचा अर्थ त्याला आपल्यापेक्षा लवकर समजेल. पर्यावरणाचा तास ही त्याच्या ज्ञानाला मान मिळण्याची जागा व्हायला हवी. घाण करणारे वेगळे आणि घाण उचलणारे वेगळे, ही समजूत मोडण्याचे कामही त्यातूनच होईल.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निर्माण झाली. ओळखपत्र आणि घरोघर कचरा गोळा करण्याचे अधिकृत काम मिळाल्याने या स्त्रियांचे उकिरड्यावरचे श्रम दारापर्यंत आले. कचरा दारातच वेगळा मिळाला की प्लास्टिक स्वच्छ राहते आणि भावही बरा मिळतो. इंदूरनेही याच टोकापासून सुरुवात केली. आधी घरोघरी गाडी आणि कचऱ्याचे वर्गीकरण, मग देवगुराडिया येथील जुन्या कचऱ्याच्या डोंगराचा निपटारा, असा क्रम तेथे लावला गेला. २०१७ ते २०२३ या प्रत्येक वर्षीच्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा पहिला क्रमांक आला. २०२३ मध्ये तो सुरतबरोबर विभागून होता. दंड, सोय आणि रोजची शिस्त एकत्र आली तर आपल्याच देशात हे शक्य आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

वर्गात काय करता येईल?

पुढील उपक्रमांना वेगळा निधी लागत नाही.

१. जाडी मोजणे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील स्क्रू गेज साधारणपणे ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंत मोजतो. पिशवीचा एकपदरी तुकडा कापून चार वेळा घडी घालावी. १६ पदर होतात. हवा निघेल असा दाबून तो मोजावा आणि येणाऱ्या आकड्याला १६ ने भागावे. १२० मायक्रॉनच्या पिशवीचे १६ पदर १.९२ मिलिमीटर भरले पाहिजेत, ५० मायक्रॉनचे ०.८०. बाजारातील दहा पिशव्या अशा मोजल्या की कायदा आणि व्यवहार यांतील अंतर विद्यार्थी स्वतः काढतो.

२. कचऱ्याची नोंद. उपाहारगृह आणि आवारातील एका आठवड्याचा सुका कचरा हातमोजे घालून वेगळा करावा. भंगारात विकला जाणारा आणि न विकला जाणारा, असे दोन भाग करून वजन करावे. न विकल्या जाणाऱ्या भागावर कोणत्या कंपन्यांची नावे आहेत, याची यादी करावी. ही नोंद दर सहामाहीस ठेवली तर ती खऱ्या अर्थाने संशोधन ठरेल.

३. नियमांचे भाषांतर. हे काम आपणा भाषा शिकविणाऱ्यांचे आहे. अधिसूचनांची भाषा दुकानदाराला कळत नाही. त्यातील त्याच्याशी संबंधित चार वाक्ये सोप्या मराठीत आणि उर्दूत, तसेच बेळगाव भागात कन्नडमध्ये, विद्यार्थ्यांकडून करून घ्यावीत आणि छापून दुकानांत लावावीत. ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ हा शब्दप्रयोग ‘ज्याचा माल, त्याचे वेष्टन’ असा सांगितला तर कोणालाही समजतो.

४. भांड्यांचा संच. महाविद्यालय, मशीद कमिटी किंवा मोहल्ल्यातील मंडळ यांनी स्टीलच्या दोनशे ताटल्या आणि पेले एकदा घेऊन ठेवावेत आणि लग्न, इफ्तार, सभा यांसाठी नाममात्र भाड्याने द्यावेत. धुण्याच्या कामाची मजुरी भाड्यातच धरावी. नाहीतर ते ओझे पुन्हा घरातील स्त्रियांवरच पडते.

५. जाळण्याविरुद्ध माहिती. थंडीत शेकोटीत किंवा चूल पेटविताना प्लास्टिक टाकण्याची सवय सर्वत्र आहे. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू आणि डायॉक्सिन गटातील विषारी द्रव्ये बाहेर पडू शकतात. रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी ही बाब पालकसभेत सांगावी. दम्याचे रुग्ण असलेल्या घरांत तिचे महत्त्व लगेच कळते.

समारोप

शिक्षण, धोरण आणि लोकसहभाग हे तीन वेगळे उपाय मानले जातात, पण अनुभव असा की ते एकमेकांवाचून पांगळे आहेत. कायदा आला पण दुकानदाराला तो वाचता आला नाही, तर त्याचा उपयोग दंडापुरताच. लोक तयार झाले पण कचरा पुढे एकाच गाडीत मिसळला गेला, तर त्यांचा विश्वास उडतो आणि तो परत आणणे कठीण जाते. म्हणून नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे वेगळी गाडी, सुका कचरा साठविण्याची जागा आणि कचरावेचकांची नोंदणी मागण्याचे अर्जही विद्यार्थ्यांनीच लिहावेत. अर्जलेखन अभ्यासक्रमात आहेच. महाविद्यालयाच्या एका सहामाहीने शहराचा कचरा कमी होणार नाही. पण मोजून बोलणारा, नियम वाचू शकणारा आणि भंगार वेचणाऱ्या हाताचा आदर करणारा नागरिक त्या सहामाहीत घडू शकतो आणि तेवढे आपल्या हातात निश्चित आहे.