कावेरीच्या ओलीवरचा उडीद

पोंगलच्या सुमारास तंजावर जिल्ह्यातलं भात कापणीला येतं. कापणीला आठ-दहा दिवस उरले असताना शेतकरी उभ्या भातातल्या चिखलात उडीद फेकून पेरतो. भात कापून नेलं की खाली उडदाची कोवळी रोपं दिसू लागतात. पुढचे दोन-अडीच महिने जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावरच ती दाणा भरतात. भंडारा-गोंदियाकडे लाखोळी अशीच उतेऱ्यावर घेतात. मराठी लेखनातलं तंजावर बहुधा सरस्वती महाल ग्रंथालयापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. या खाचरांकडे फारसं कुणी वळत नाही.

या उडदाचा वैरी म्हणजे पिवळा मोझॅक. पांढरी माशी हा विषाणू पसरवते. पानांवर आधी पिवळे ठिपके येतात, मग पानंच्या पानं पिवळी पडतात आणि शेंगा धरत नाहीत. एकदा लागलेल्या विषाणूवर औषध नाही, म्हणून रोगाला दाद न देणारं वाण हवं. दक्षिणेतल्या राज्यांसाठी १९९९ मध्ये प्रसारित झालेलं टीयू ९४-२ हे तसं वाण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून आलं.

अणुसंशोधन केंद्रात उडीद कशाला? कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण बियाण्यावर सोडले की त्याच्या जनुकांत बदल होतात. नेमका कुठे बदल होईल, हे कुणाच्या हातात नसतं. बियाणं त्यामुळे किरणोत्सारी होत नाही, ही गोष्ट शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते आणि सांगायलाच हवी. पुढच्या पिढीतल्या हजारो रोपांपैकी बहुतेक कुचकामी निघतात, त्यातून एखादं हेरायचं. गडद हिरव्या पानांचं असंच एक रोप हाती लागलं. त्याचा दुसऱ्या वाणाशी संकर करून, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साथीनं टीएयू-१ तयार झालं. १९८५ मध्ये ते प्रसारित झालं आणि महाराष्ट्रातल्या उडदाच्या क्षेत्राचा मोठा भाग वर्षानुवर्षं त्याच्याखाली राहिला.

१९८५ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण भारताशी बाहेरचं अणुसहकार्य आटलेलं असताना हे वाण आलं. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेचं अध्यक्षपद होमी भाभांकडे होतं. अणूचा शांततेसाठी वापर, ही तेव्हा साऱ्या जगाची आशा होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडानं हात काढून घेतला, पुढे तारापूरचं अमेरिकी इंधनही अडलं. मात्र आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं सदस्यत्व भारतानं सोडलं नाही. व्हिएन्नाला ही संस्था आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १९६४ पासून पिकांवर एकत्र काम करतात. अशा तऱ्हेनं घडलेल्या जगभरच्या तीन हजारांहून अधिक वाणांची नोंद तिथे सर्वांसाठी खुली आहे. अणुकरारांच्या बातम्या मेगावॅटमध्ये मोजल्या जातात आणि त्यात या कामाला एक ओळही मिळत नाही, याची मला खंत वाटते.

या कामाची भारतातली पायवाट पाडणाऱ्यांत एक माणूस तंजावर जिल्ह्यातल्याच कुंभकोणमचा होता. एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म तिथे १९२५ मध्ये झाला. मेक्सिकोहून आलेल्या सोनोरा-६४ गव्हाचा दाणा तांबूस होता आणि पोळी खाणाऱ्या घरांना तो पसंत पडेना. दिल्लीत स्वामिनाथन यांच्या गटानं त्यावर गॅमा किरण सोडून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा काढला. त्यातल्या प्रथिनांविषयीचे दावे पुढे वादात सापडले, तेही इथे नोंदवायला हवं. दाण्याचा रंग मात्र खराच बदलला होता.

तंजावरच्या उडदापुढे आज वेगळी अडचण आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून भात यंत्रानं कापलं जातं आणि यंत्राच्या चाकांखाली खालची रोपं चिरडतात. ज्या शेतांत उडीद हटकून दिसायचा, त्यातली काही आता मोकळी राहतात. भातसंशोधनाचं जुनं केंद्र याच जिल्ह्यात, आडुथुरैला, १९२२ पासून उभं आहे. मुंबईकडे किरणांचं तंत्र आहे आणि व्हिएन्नाकडे जगाच्या वाणांची नोंद. चाकाखाली दबूनही पुन्हा फुटवा धरणारं किंवा यंत्र निघून गेल्यावर उशिरा पेरलं तरी उरलेल्या ओलीत हाती लागणारं वाण या तिघांनी मिळून शोधावं. आडुथुरैच्या शेतात ते पारखायला दरवर्षी जानेवारी ते मार्च असा एकच हंगाम मिळतो.