बैठकीचा हक्क

मैदान हे खेळणाऱ्यांसाठी बांधलेले असते, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः खेळणाऱ्याची गरज फार थोडी असते. क्रिकेटला बावीस यार्डांची खेळपट्टी आणि सभोवार मोकळे रान पुरते, कुस्तीला तांबड्या मातीचा हौद पुरतो, आणि त्याभोवती जे दगड, सिमेंट आणि लोखंड चढत जाते ते सारे पाहणाऱ्यांसाठी असते. आणि पाहणारा आला की त्याच्या मागोमाग पुढे कोणी बसावे, सावलीत कोणी, उन्हात कोणी, पैसे देऊन कोणी आणि फुकट कोणी, हा प्रश्नही चालत येतोच. म्हणून महाराष्ट्रातील मोठ्या क्रीडांगणांचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल त्याने धावसंख्येचे तक्ते क्षणभर बाजूला ठेवून प्रथम तिकिटवाटपाच्या तंट्यांचे दप्तर सोडावे, असे माझे मत अलीकडे बनले आहे, आणि ते बनण्यास आम्हां जालनेकर मित्रांचा एक प्रवास कारण झाला.

असे प्रवास ही मुळात अमेरिकन लोकांची हौस. त्यांच्याकडे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत तीस संघ आहेत, आणि मित्रमित्रांनी मोटारीत बसून या तिसांच्या तीस मैदानांची वारी पुरी करावी, ही तेथे कित्येकांची आयुष्यभराची आकांक्षा असते. त्या देशात स्थायिक झालेली मराठी मुलेही आता ती करू लागली आहेत. या हौसेला एक शास्त्रीय कारण आहे. बेसबॉलच्या मैदानाचा आतील चौकोन सर्वत्र सारखा, एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत नव्वद फूट. परंतु त्याच्या बाहेरील पटांगण कसे असावे याला सक्तीचे एक माप नसल्यामुळे जुन्या मैदानांनी शहरातील उपलब्ध जागेप्रमाणे वाटेल तशी वळणे घेतली. बोस्टन येथील १९१२ सालच्या फेनवे पार्कची डाव्या अंगाची भिंत ३७ फूट उंच आहे, ती याच कारणाने. क्रिकेटचीही तऱ्हा नेमकी हीच आहे. खेळपट्टी कायद्याने बांधलेली आणि सीमारेषा जागेप्रमाणे लवचीक. तेव्हा जे तेथे पाहण्यासारखे आहे ते येथेही असले पाहिजे, हा युक्तिवाद आमच्यातील वकीलसाहेबांनी मांडला आणि तो विनाहरकत मंजूर झाला.

मंडळींत बियाण्यांचे एक व्यापारी, सळईच्या कारखान्यातील एक जुने हिशेबनीस, महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले नाना, उपरोक्त वकीलसाहेब आणि मी. आमच्या वडिलांच्या पिढीला ही कल्पना सुचणे शक्यच नव्हते. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होते. मुंबईच्या जिमखान्यांवरचे क्रिकेट हा परमुलखातील साहेबलोकांचा आणि शेठ-सावकारांचा मामला, आणि मोगलाईतल्या माणसाचा खेळ म्हणजे जत्रेतली कुस्ती, जिच्यात धोतराचा काचा मारून हौदाकाठी जमिनीवरच बसावयाचे असते. आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आणि नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरांचे अंतर जवळजवळ मध्यावर बसून दोन्ही हातांनी मोजण्याची सोय जालन्याला झाली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. निधोन्याजवळ चढावे, मोसंबीची पिशवी पायाशी ठेवावी, आणि पूर्वेला वळावे की पश्चिमेला एवढेच ठरवावे.

आम्ही प्रथम पूर्वेला वळलो. हा रस्ता इतका सरळ आणि इतका निर्मनुष्य आहे की त्यावरून जाताना गाव लागत नाही, चहा लागत नाही आणि चालकाला मात्र झोप लागते, असे नानांचे निरीक्षण. नोकरीत असताना भूसंपादनाची प्रकरणे हाताळलेल्या माणसाला कडेच्या प्रत्येक शेताचा मोबदला दिसत असल्यामुळे ते स्वतः मात्र जागे होते. नागपूरला विदर्भ क्रिकेट संघटनेची दोन मैदाने आहेत. सिव्हिल लाइन्समधील जुने मैदान शहराच्या कुशीत आहे. तेथे १९६९ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी झाली, आणि १९८७ च्या विश्वचषकात, ३१ ऑक्टोबरला, चेतन शर्माने त्रिफळ्यांची हॅट्‌ट्रिक साधली आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक झळकाविले, तेही येथेच. परंतु याच मैदानावर २६ नोव्हेंबर १९९५ रोजी, न्यूझीलंडविरुद्धचा सामना चालू असताना, प्रेक्षागाराची एक भिंत कोसळून नऊ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी न्यूझीलंडच्या ॲस्टलने शतक केले होते एवढी नोंद धावफलकात सापडते. क्रिकेटच्या पुस्तकांना पाहणाऱ्याच्या मरणासाठी रकाना नसतो.

वर्ध्याच्या रस्त्यावरील जामठ्याचे नवे क्रीडांगण २००८ साली सुरू झाले. सौरव गांगुली येथे आपली शेवटची कसोटी खेळला, आणि ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणातच बारा बळी मिळविले, हे सर्व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील. सुमारे पंचेचाळीस हजार माणसे येथे बसू शकतात, जिने रुंद आहेत, सीमारेषा दूर आहे. शशी प्रभू या वास्तुशिल्पज्ञाने रेखाटलेल्या या वास्तूत दोष काढणे कठीण. तरीही मला ते मैदान एखाद्या श्रीमंत नातेवाइकाच्या नव्या बंगल्यासारखे वाटले, जेथे सगळे आहे परंतु सहज डोकावून जाण्याची सोय नाही. मेट्रो खापरीपर्यंत येते. पुढचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावयाचा. वीस षटकांच्या सामन्याला लोक हे अंतर आनंदाने तोडतात, पण कसोटीसाठी पाच दिवस रोज शहराबाहेर जाणारा रसिक दुर्मिळ, आणि कसोटीच्या सत्रांमध्ये कचेरीतून तासभर सटकून येणारा जो एक कारकून-वर्ग जुन्या मैदानांना लाभला होता, तो तर महामार्गावरील मैदानांनी कायमचा गमावला आहे.

पश्चिमेची वाट आमणेपाशी संपते आणि तेथून मुंबईची गर्दी सुरू होते. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणाची ख्याती अशी की, त्याच्या छताला प्रेक्षकांच्या दृष्टीच्या आड येणारा एकही खांब नाही. २००८ च्या मार्चमध्ये उघडलेल्या या वास्तूत त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तोही येथेच. हिशेबनीस बराच वेळ छताकडे पाहत राहिले. खांबाशिवाय एवढा भार पुढे तोलून धरावयाचा तर मागे किती लोखंड ओतावे लागत असेल, हा आकडा ते ओठांतल्या ओठांत मांडीत होते.

खरा कज्जा मात्र चर्चगेटला आहे. एकमेकांपासून एक किलोमीटरच्याही आत उभी असलेली दोन कसोटी-मैदाने ही कोणत्याही शहराला न परवडणारी चैन होय, आणि मुंबईला ती का करावी लागली हे समजल्यावाचून मराठी माणसाचा क्रिकेटशी असलेला संबंध समजणार नाही. १९३३ साली स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने बॅकबेच्या भरावाची जमीन मिळविली, तिच्या मोबदल्यात गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांचे नाव मैदानाला दिले, त्यांच्याच हस्ते १९३६ च्या मे महिन्यात कोनशिला बसविली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी मैदान खुले केले. अँथनी डी मेलो या खटपट्या चिटणिसाने अमरत्व विकून जमीन घेतली, असे जे म्हणतात ते अगदीच निराधार नसावे. परंतु उद्घाटनाच्या वर्षीच माशी शिंकली. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि इतरेजन अशा पाच संघांची जी पंचरंगी स्पर्धा बॉम्बे जिमखान्यावरून येथे आणण्यात आली, तिच्यातून हिंदू संघ त्या साली बाहेर राहिला, आणि कारण काय, तर नव्या मैदानावर हिंदू जिमखान्याच्या वाट्याला आलेल्या जागा अपुऱ्या! सिमेंट पुरते वाळले नव्हते तोच बैठकीच्या हक्काचा पहिला दावा दाखल झाला.

दुसरा दावा अधिक महागाचा ठरला. मैदान क्लबाच्या मालकीचे आणि सामने भरविण्याची जबाबदारी मुंबई क्रिकेट संघटनेची, अशा या दुहेरी अंमलात संघटनेला आपल्या सभासद-संस्थांसाठी किती तिकिटे मिळावीत यावर वर्षानुवर्षे खडाजंगी होत राहिली. आणि अखेर संघटनेचे अध्यक्ष, विदर्भातील पुढारी आणि त्या वेळचे विधानसभेचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र मैदान बांधण्याचा निश्चय करून सुमारे तेरा महिन्यांत तो सिद्धीस नेला. जागा लोहमार्गाला खेटून आणि आखूड. तिच्यात एवढी माणसे बसविण्याची कामगिरी तरुण शशी प्रभूंनीच पार पाडली. १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. लॉइडचे अभिनंदन करण्यास धावत गेलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारले म्हणून दंगल उसळली, हा त्या कसोटीतला भाग मात्र जुने लोक धावांपेक्षा अधिक रंगवून सांगतात. इकडे ब्रेबोर्नवर मग कित्येक वर्षे कसोटी झालीच नाही. २००९ च्या डिसेंबरात ती पुन्हा झाली तेव्हा वीरेंद्र सेहवागने २९३ धावा काढून जणू मागील बाकी वसूल केली.

वकीलसाहेबांचा या दोन मैदानांवरून बियाणेवाल्या शेठजींशी जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. शेठजींच्या मते २ एप्रिल २०११ ची विश्वचषकाची रात्र ज्या वानखेडेने पाहिली त्यापुढे ब्रेबोर्न ही एक शोभेची बाग आहे. वकीलसाहेब म्हणतात, बाग तर बाग. वानखेडेवर मनुष्य सामना पाहतो, ब्रेबोर्नवर खेळ पाहतो. माझा कौल ब्रेबोर्नला आहे, परंतु तो एका परिचित सभासदाच्या कृपेने सावलीतल्या वेताच्या खुर्चीवर बसून दिलेला असल्यामुळे ग्राह्य धरला जाऊ नये. दुसऱ्या एका मैदानाच्या फाटकावर, नाव सांगत नाही, रखवालदाराने आम्हाला बाहेरूनच परत पाठविले. नानांनी आपला निवृत्तिवेतनाचा ओळखपत्रवजा कागद दाखविला, त्याचा उपयोग झाला नाही.

पुण्याची कथा म्हणजे मुंबईच्या फिर्यादीची नक्कल. स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम महानगरपालिकेचे; तेथे २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळून विश्वचषकाच्या इतिहासातील एक मोठा चमत्कार घडविला होता. पुढे तिकिटांच्या व्यवस्थेवरूनच महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे तेथे बिनसले आणि द्रुतगती महामार्गालगत गहुंजे येथे, मायकेल हॉपकिन्स या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाकडून आराखडा करवून घेऊन, नवे मैदान उठले. १ एप्रिल २०१२ रोजी ते खुले झाले. डोंगरांच्या कुशीतील तो गोल वाडगा दुरून मोठा देखणा दिसतो. मात्र छप्पर मोजक्याच बाजूंना आहे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात उघड्या बाजूचे तिकीट काढणाऱ्याला देखणेपणाचा हिशेब फार वेगळा करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडने येथेच ११३ धावांनी विजय मिळवून भारताला मायदेशात बारा वर्षांनी मालिकेत हरविले.

मूळ बेतात कोल्हापूर नव्हते. ते घालण्याचा आग्रह नानांचा, आणि त्याला कारण जालन्याचे. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जालन्याच्या आझाद मैदानावर भरली होती. बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेखने पूर्वीचा विजेता अभिजित कटके याला अंतिम लढतीत हरवून गदा घेतली, आणि मातीत घडलेला मल्ल गादीवरच्या मल्लाला भारी पडला म्हणून सारा मराठवाडा आठवडाभर तेवढेच बोलत होता. हा बाला रफिक कोल्हापूरच्या गणपतराव आंदळकरांचा शिष्य. तेव्हा ज्या गावाने आपल्याला ती संध्याकाळ दिली, त्या गावचे मैदान पाहिल्याशिवाय वारी पुरी कशी म्हणावी?

खासबाग मैदान पाहून हिशेबनीसही गप्प झाले, कारण येथे लोखंडाला काम नाही. १९०२ साली एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेलेल्या शाहू महाराजांनी रोम येथील प्राचीन रंगस्थळ पाहिले, आणि तसे मैदान आपल्या राज्यात असावे या इच्छेने हे बांधून घेतले; ते पुरे झाले १९१२ साली, म्हणजे बोस्टनच्या फेनवे पार्कच्याच वर्षी. मधला हौद खोलात, भोवती चहूबाजूंनी चढत गेलेली उतरण, त्यामुळे शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यालाही मल्लाच्या पायाचा अंगठा दिसतो. मोठ्या कुस्त्यांच्या वेळी येथे सुमारे तीस हजार प्रेक्षक मावतात. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, तिची झळ मैदानाच्या बाजूलाही पोहोचली. दरबारी मंडळींची बैठक येथेही निराळी होती हे खरे, परंतु बाकीची जमीन ही जमीनच. तिच्यावर क्रमांक घातलेले नाहीत, आणि लवकर येईल त्याने हौदाजवळ बसावे हा एकच कायदा.

उतरणीवर बसूनच जालन्याला असे एक कायमचे मैदान का नसावे, ही चर्चा निघाली. नाना जागा शोधू लागले आणि कोणत्या मौज्यातील किती गायरान सरकारी दप्तरात शिल्लक आहे ते त्यांनी मुखोद्गत सांगितले. हिशेबनीसांचे म्हणणे, सळई गावातच तयार होते, वाहतूक वाचेल. शेठजींना क्रिकेट हवे होते आणि नानांना कुस्ती. दोन्हींची सांगड घालणारा ठराव मी मांडून पाहिला. वकीलसाहेबांनी तो दुरुस्तीसह स्वीकारला. दुरुस्ती अशी की, पायाभरणीच्या आधी मोफत पासांची संख्या आणि ते कोणाला द्यावयाचे याची यादी लेखी करून तहसील कचेरीत रुजू करावी. त्या यादीत पहिले नाव कोणाचे, यावर आमची गाडी कराडच्या पुढे येईपर्यंत एकमत झालेले नव्हते.