आधी मान तपासा

सकाळी ७.३०, बारामती. पहिलं ऑपरेशन सात वर्षांच्या मुलाचं. गळ्याच्या मधोमध सुपारीएवढी गाठ, जीभ बाहेर काढायला लावली की वर सरकते. थायरॉईड ग्रंथी गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास जिभेच्या मुळाशी तयार होते आणि सातव्या आठवड्यापर्यंत गळ्यातून खाली उतरून श्वासनलिकेच्या पुढे बसते. तिची ती उतरण्याची वाट बुजली नाही, तर तिथे अशी पाण्याची गाठ होते. सर्जन सिस्ट्रंक यांनी १९२० साली सांगितलेली पद्धत आजही चालते: गाठीबरोबर हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतचा मार्गही काढायचा. नुसती गाठ काढली तर ती पुन्हा उगवण्याची भीती मोठी.

पण सुरी हातात घेण्याआधी मी सोनोग्राफी पुन्हा एकदा समोर धरतो. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना थायरॉईड आहे ना? क्वचित असं निघतं, की ज्याला आपण पाण्याची गाठ समजलो तीच त्या मुलाची एकुलती एक थायरॉईड असते. या मुलाची जागच्या जागी आहे. सुरू करा म्हणालो.

११.०० ते १२.३०. कानातला मळ, चोंदलेली नाकं, ऊसतोडीच्या हंगामातला खोकला.

१२.३०. बारा वर्षांची मुलगी, बरोबर आई आणि आजी. शाळेत तपासणीला आलेल्या पथकानं उंची कमी म्हणून चिठ्ठी दिली होती. आईची तक्रार वेगळी. "घशात गोळा अडकल्यावानी वाटतंय म्हणती डॉक्टर. भाकरी पाण्याच्या घोटाबरूबर गिळती." आवाजही जाडसर, तोंडात घास धरून बोलावं तसा. जीभ दाबून पाहिलं तर फारसं काही दिसेना. नाकातून दुर्बीण घातली तेव्हा जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध, लालसर, गुळगुळीत, गोल गोळा दिसला; वरून रक्तवाहिन्यांचं जाळं.

इथे हात आवरावा लागतो. तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्या माणसाच्या जिभेच्या मुळाशी खडबडीत गाठ दिसली, तर तपासणीसाठी तुकडा घ्यावाच लागतो, त्यात टाळाटाळ नको. पण लहान वयात, मधोमध असलेल्या अशा गोळ्याचा तुकडा ओपीडीत घेऊ नये. रक्त आवरता आवरत नाही. मी तिची मान चाचपली. जिथे थायरॉईड असायला हवी तिथे बोटांखाली सरळ श्वासनलिकेच्या कड्या लागल्या. लगेच सोनोग्राफी केली: जागा रिकामी.

गर्भात खाली उतरायची ती ग्रंथी जिभेच्या मुळाशीच राहून गेली होती. लाख ते तीन लाख माणसांत एखाद्याला हे होतं, मुलींत जास्त. आणि यातल्या सुमारे ७० टक्के लोकांना दुसरीकडे कुठेच थायरॉईड नसते.

"काढून टाका की ओ साहेब," आजी म्हणाल्या. गाठ म्हटल्यावर त्यांच्या मनात काय आलं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"आजी, हा कॅन्सर नाही वाटत. ही तिची थायरॉईड आहे, फक्त चुकीच्या जागी. काढली तर तिच्याजवळ काहीच उरणार नाही."

आईनं विचारलं, "मग गोळी देऊन जाईल?"

जाईल असं मी म्हटलं नाही. वयात येताना शरीराची मागणी वाढते. एवढीशी ग्रंथी पुरी पडत नाही, मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून थायरॉईडला कामाला लावणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाचा मारा होतो आणि गोळा फुगतो. बाहेरून थायरॉक्सिन दिलं की तो मारा थांबतो. गोळा वाढायचा थांबतो, बऱ्याचदा हळूहळू थोडा लहानही होतो. रक्त यायला लागलं, श्वास अडला, गिळणंच बंद झालं, तरच ऑपरेशन.

रक्त घेतलं. पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिनला फोन करून सोमवारची वेळ घेतली. टेक्नेशियम शिरेतून देतात, वीसेक मिनिटांनी कॅमेऱ्याखाली थायरॉईडची पेशी जिथे असेल तिथे उजळते. आईला बजावलं, मधे कुणी औषध टाकून सीटी स्कॅन करा म्हटलं तर करू नका. त्या औषधातल्या आयोडिनमुळे पुढे कित्येक आठवडे थायरॉईडचा स्कॅन नीट येत नाही.

२.३०. भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी. उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रांगत होती.

४.००, इंदापूर. पाच महिन्यांची गरोदर बाई. हिचीही थायरॉईड जिभेच्या मुळाशी, लग्नाआधीच कळलेलं. गरोदरपणात थायरॉक्सिनची मात्रा वाढवावी लागते, ती वेळेवर वाढवली म्हणून टीएसएच आटोक्यात आहे. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं: जिभेच्या मुळाशी गाठ आहे, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवा. रात्री-अपरात्री सिझर ठरलं आणि घशात नळी घालताना हा गोळा अचानक समोर आला, तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतेल. तिच्या नवऱ्याला ते वाक्य वाचून दाखवायला लावलं.

६.१५. बालरोगतज्ज्ञ मित्राचा फोन. आठ दिवसांच्या बाळाचा टीएसएच फार वाढलेला. जन्मजात थायरॉईड कमी असण्यामागे ग्रंथी चुकीच्या जागी राहणं हे मोठं कारण. स्कॅनसाठी थांबू का, असं त्यानं विचारलं. मुळीच नाही. बाळाच्या मेंदूची वाढ थांबून राहत नाही, औषध आजच सुरू व्हायला हवं. किलोमागे दिवसाला १० ते १५ मायक्रोग्रॅम, गोळी कुस्करून आईच्या दुधाच्या चार थेंबांत. ग्रंथी कुठे आहे ते पुढच्या चार दिवसांत बघता येईल. टाच टोचून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबावर हे कळतं, आणि तरी ही तपासणी प्रत्येक बाळंतपणानंतर होत नाही, याचा मला राग येतो.

८.४०, घरी. दुपारच्या त्या मुलीचा रिपोर्ट आला. टीएसएच तीसच्या वर. उंची का खुंटली तेही आता कळलं. आईला फोन लावला. बारा वर्षांच्या मुलीसाठी सोमवारपर्यंत थांबता येतं, स्कॅन झाला की दुसऱ्या दिवसापासून गोळी. सकाळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा तास आधी. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती त्याच वेळी नको, मधे चार तास जाऊ द्या.

"किती दिवस घ्यायची?"

"कायमची, ताई."

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तिनं विचारलं, पोरगी वाढेल का. वाढेल, हाडांची वाढ अजून उरली असणार, दर तीन महिन्यांनी उंची मोजू, असं सांगितलं. रविवारी रात्रीच पुण्याला बहिणीकडे मुक्कामी जातो म्हणाली, आणि स्कॅनचा कागद कुणाकडे मागायचा ते दोनदा विचारून घेतलं.