आग सोमेश्वरी, पंखा रामेश्वरी
‘घरातली यंत्रं’ : लेखांक ६

१९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये, लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी गावी पारा ४०.३ अंशांवर गेला. ब्रिटनमधला आजवरचा हा उच्चांक. नागपूर-अकोल्याच्या वाचकाला हा मे महिन्यातल्या एखाद्या बऱ्या दिवसाचा आकडा वाटेल. पण त्याच दिवशी लंडनच्या गाइज आणि सेंट थॉमस या रुग्णालयांच्या डेटा सेंटर्समधली थंडाव्याची यंत्रणा कोलमडली, संगणक बंद पडले आणि डॉक्टर-परिचारिकांना कागद-पेन हाती घ्यावं लागलं. गूगल आणि ओरॅकलच्या लंडनमधल्या डेटा सेंटर्सनाही त्याच दिवशी उन्हाने गाठलं.

असा उन्हाळा तिथे क्वचितच येतो. ब्रिटनमधले लॅपटॉप मात्र जानेवारीतही तापतात. बाहेर बोचरी थंडी, घरात अठरा-वीस अंश आणि टेबलावरचा लॅपटॉप विमान उडायच्या तयारीत असल्यासारखा घोंघावतोय, ही तक्रार लंडन, लेस्टर, मँचेस्टरच्या मराठी घरांतही नेहमीची. यात हवामानाचा दोष नाही, दोष घराचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, हिवाळाभर बंद खिडक्या, सोफ्यावर लोळणारं मांजर आणि दुलईत बसून असाइनमेंट लिहिणारे चिरंजीव. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात. दुलईवर ठेवला की त्याचं नाकच दाबलं जातं आणि जी थोडी हवा आत जाते, तिच्यासोबत दुलईचे, कार्पेटचे आणि मांजराचे तंतूही जातात.

लॅपटॉप मांडीवर घेऊन तासन् तास बसणाऱ्यांच्या कातडीवरही कधी कधी लालसर-तपकिरी जाळी उमटते. ब्रिटिश डॉक्टरांना ही खूण जुनी ओळखीची आहे. कोळशाच्या शेकोटीला पाय लावून बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नडग्यांवर ती दिसायची. शेकोट्या विझल्या तरी खूण काही गेली नाही.

आता थोडं आत डोकावू. प्रोसेसरच्या चिपवर राखाडी थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याचा पत्रा, पत्र्याला जोडलेली चपटी तांब्याची नळी, नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी आणि जाळीवर हवा फेकणारा पंखा, एवढाच हा सगळा संसार. यातली नळी, म्हणजे हीट पाइप, फार चतुर वस्तू आहे. वरून भरीव दिसते, पण आतून पोकळ असते. हवा काढून टाकून आत पाण्याचे थोडेसेच थेंब ठेवलेले असतात. दाब कमी असल्याने ते थोड्याशा उष्णतेनेही उकळतात. वाफ जाळीच्या टोकाकडे धावते, तिथे निवून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत मागे येते. अस्तराची ही नळी अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत १९६३ मध्ये आकाराला आली. पण बंद नळीत थोडं पाणी घालून उष्णता इकडून तिकडे न्यायची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या लंडनची, पर्किन्स घराण्याची. त्यांच्या नळ्या पाव भाजायच्या भट्ट्यांत वापरल्या गेल्या. (याच घराण्यातल्या जेकब पर्किन्सच्या छापखान्यात १८४० मध्ये जगातलं पहिलं टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, छापलं गेलं. एकेका घराण्याचं नशीब!)

या साखळीत कुठेही अडथळा आला की बोंब पंखा मारतो. म्हणून लोक पंख्याच्याच मागे लागतात, ऑनलाइन नवा मागवतात, बसवतात आणि पुन्हा तोच घोंघाट ऐकतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पैसे खर्चण्याआधी एक साधी तपासणी करावी. लॅपटॉप टेबलावर ठेवून दहा मिनिटं व्हिडिओ कॉल चालू ठेवावा आणि हवा बाहेर पडते त्या फटीशी हात धरावा. झोत जोरदार आणि गरम असेल तर पंखा बिचारा चोख काम करतोय. प्रोसेसरला कोण राबवतंय ते टास्क मॅनेजरमध्ये शोधायचं. बहुधा ब्राउझरचे उघडे टॅब, नाहीतर मागच्या मागे चाललेलं विंडोजचं अपडेट सापडतं. पंखा घोंघावतोय पण झोत क्षीण आहे, तर जाळीत धूळ बसली आहे. झोत चांगला आहे पण हवा गारच, आणि एचडब्ल्यू-इन्फो किंवा कोअर टेम्पसारखं सॉफ्टवेअर मात्र ९५ अंश दाखवतंय, तर उष्णता चिपपासून जाळीपर्यंत पोचतच नाही. पेस्ट सुकली आहे किंवा तांब्याचा पत्रा सैल आहे. आणि आवाज मुळीच नाही, बूड मात्र चटके देतंय, अशी स्थिती असेल तेव्हाच पंख्यावर संशय घ्यावा.

पंखा खरोखर मेला असेल तर पुष्कळदा यंत्रच तसं सांगतं. एचपीच्या पडद्यावर सुरू होतानाच ‘९०बी’ हा आकडा येतो, लेनोव्होच्या थिंकपॅडवर ‘फॅन एरर’. डेलमध्ये सुरू करताना एफ-१२ आणि एचपीमध्ये एफ-२ दाबलं की कंपनीचीच तपासणी चालवता येते. आवाजाचीही पारख करता येते. लॅपटॉप तिरका केल्यावर खरखर बदलली तर बेअरिंग झिजलंय. नियमित टिकटिक असेल तर एखादी वायर पात्यांना घासतेय.

आकड्यांनी घाबरून जाऊ नये. इंटेलचे बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात आणि त्यापुढे गेलं की यंत्र तडक बंद होतं. कामाच्या भरात ८५ दिसलं म्हणजे अनर्थ नव्हे. रिकामं बसलेलं यंत्र ८० दाखवत असेल तर मात्र काहीतरी बिनसलंय. ‘लॅपटॉप फार स्लो झालाय, नवा घ्यावा का?’ या प्रश्नामागे पुष्कळदा हा आपोआप कमी झालेला वेगच असतो.

धूळ काढणं हे घरच्या घरी जमणारं काम आहे. डेल, एचपी आणि लेनोव्हो अनेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतात. आधी ती वाचावी. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, खालचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढायची. नुसत्या पात्यांवरची धूळ पुसून फारसं काही साधत नाही. खरी गोम पंखा आणि जाळी यांच्या मधल्या अरुंद जागेत असते. तिथे तंतू दबून दबून नमद्यासारखा राखाडी पट्टा तयार झालेला असतो. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचलला की हा पट्टा चिमट्याने अखंड सोलून निघतो. बाहेरून दाबाची हवा मारली तर तो जाळीत आणखी घट्ट बसण्याचीच शक्यता जास्त. हवेचा डबा वापरायचाच असेल तर उभा धरून, थोडा थोडा फवारा मारावा आणि पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा नको तितका गरगरून बेअरिंगला इजा होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये; त्याच्या नळीवरच्या स्थिर विजेने चिप जाऊ शकते.

पेस्ट बदलणं एक पायरी वरचं काम. तांब्याच्या पत्र्यावरच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. घट्ट करताना तोच क्रम पाळायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली की पुरे. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी चकाकणारा द्रव धातू असतो. तो वीज वाहून नेतो, एक थेंब इकडेतिकडे गेला तर मदरबोर्डची राख. तो दिसला की झाकण पुन्हा लावून जाणकाराकडे जावं.

ज्यांना एकट्याने स्क्रू उघडायची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये चांगली सोय आहे. ‘द रीस्टार्ट प्रोजेक्ट’ ही लंडनची संस्था जॅनेट गंटर आणि उगो वालाउरी यांनी २०१३ मध्ये स्थापन केली. तिच्या ‘रीस्टार्ट पार्टी’त स्वयंसेवक फुकट दुरुस्ती करतात, पण मालकाने शेजारी बसून शिकावं अशी अपेक्षा असते. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला सुरू झालेल्या रिपेअर कॅफेंचं जाळंही ब्रिटनभर आहे. अनेक मराठी कुटुंबं मात्र लॅपटॉप भारतवारीपर्यंत तसाच रेटतात, मग तो पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नेतात. तिथले कारागीर तरबेज, यात वाद नाही. पण चिमूटभर धुळीसाठी सहा महिने यंत्र भाजत ठेवणं हा महागात पडणारा स्वस्तपणा.

पंख्याविना लॅपटॉप हाही एक मार्ग आहे, आणि त्याचं मूळ केंब्रिजमध्ये आहे. तिथल्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बनवलेली पहिली एआरएम चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली. महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात मावावी म्हणून ती कमी वीज खाणारी केली होती. त्याच वंशातल्या चिपवर २०२० चा अ‍ॅपलचा एम-१ मॅकबुक एअर चालतो, आणि त्यात पंखाच नाही.

ब्रिटनमध्ये घेतलेला लॅपटॉप वर्ष-दीड वर्षात तापून बंद पडू लागला तर हक्क कंपनीकडे नव्हे, विक्रेत्याकडे मागायचा. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या सहा महिन्यांत दोष मुळातला नव्हता हे दुकानदाराने सिद्ध करायचं असतं. त्यानंतर ते ओझं ग्राहकावर येतं. दावा मात्र सहा वर्षांपर्यंत, स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांपर्यंत, करता येतो. २०२१ च्या दुरुस्ती-हक्काच्या नियमांत वॉशिंग मशीन, फ्रिज, टीव्ही आले, लॅपटॉप आला नाही. तेव्हा पावती जपून ठेवा.

आणि झाकण उघडण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा. तो डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर आला असेल तर बॅटरी फुगली आहे. मग एकही स्क्रू काढू नका, चार्जिंगला लावू नका. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.